‘आपण चुकीच्या रांगेत आलो का गं?’

पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, नोकरी नाही. मिस्टर सल्लागार कंपनीत आहेत. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. त्यामुळे त्यांच्याकडे विमान कंपनीचं, सतत प्रवास करणाऱ्यांना मिळणारं, वरच्या पायरीचं सदस्यत्व आहे. मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, तेव्हा आम्ही तिघं फ्लोरिडाला निघालो. विमानात गटागटाने सोडतात, अशा सदस्यांना लवकरचा ग्रुप मिळतो. ‘ग्रुप २’ पुकारल्यावर मी आणि सासूबाई रांगेत शिरलो, मिस्टर फोनवर बोलत मागे राहिले. गेटवरच्या बाईंनी आमच्या पुढच्या चार-पाच जणांचे पास नुसते स्कॅन केले. आम्हाला मात्र हात करून थांबवलं : ‘ही रांग ग्रुप दोनची आहे, तुमचा ग्रुप कोणता?’ पास लावला, हिरवा दिवा लागला, पुढे गेलो. सासूबाई विमानात बसेपर्यंत विचारत होत्या, ‘आपण चुकीच्या रांगेत आलो का गं?’ नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘फुकटच्या पॉइंटांवर फिरता आणि वर मान मागता?’ तेही लागलं. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाई सगळा व्यवहार रोखीत करतात, त्यांना कुठले आलेत पॉइंट? मी तक्रार करावी का? आणि नणंद म्हणते ते खरं आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर :

सासूबाईंना आधी सांगून टाका : रांग बरोबर होती. पासवर ‘२’ छापलं होतं आणि यंत्राने ते मान्य केलं. वरच्या पायरीच्या सदस्याच्या तिकिटावर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, जे सोबत असतात त्यांनाही सहसा तोच ग्रुप मिळतो. सदस्य दहा पावलं मागे फोनवर असला म्हणून पासवरचा आकडा बदलत नाही.

आता तुम्हाला बोचलं ते. ग्रुप विचारणं हा काही गुन्हा नव्हे. गर्दीच्या गेटवर दर विमानाला आपला ग्रुप यायच्या आधी घुसणारे दहा-वीस जण असतातच, आणि कर्मचारी वैतागलेले असतात. प्रश्न एवढाच, की सगळ्यांना विचारलं की निवडक लोकांना? ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने काही विमानतळांवर अशी यंत्रणा आणली, की ग्रुपच्या आधी पास लावला तर यंत्रच आवाज करतं. नोव्हेंबरअखेर ती शंभरावर विमानतळांवर पोचली. लोकांनी तिची टिंगल केली, पण आम्हाला ती बरी वाटते. यंत्र पास बघतं. स्कॅन करण्याआधी माणूस ज्याला थांबवतो, त्याला तो बघूनच थांबवतो : रंग, साडी, वय, हातातली पिशवी. तुमच्या पुढच्या चार-पाच जणांना न विचारता सोडलं आणि तुम्हाला विचारलं, हा या सगळ्यातला खरा मुद्दा आहे. तक्रारीत तोच लिहायचा.

हा अनुभव तुमच्यापुरता नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९पासून काम करणाऱ्या संघटनेने अमेरिकन एअरलाइन्सबाबत प्रवाशांना सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यात सांगितलेल्या घटनांपैकी एक अशी : एका कृष्णवर्णीय बाईंनी स्वतःसाठी आणि सोबतिणीसाठी पहिल्या वर्गाची तिकिटं काढली होती. काउंटरवर त्यांना मागच्या वर्गात बसवलं. सोबतीण गोरी, ती पहिल्या वर्गातच राहिली. कंपनीने प्रशिक्षणात आणि धोरणात बदल कबूल केल्यावर जुलै २०१८मध्ये इशारा मागे घेतला गेला. पैसे मोजलेली जागासुद्धा चेहऱ्यावरून शंकास्पद ठरते, तिथे पॉइंटांवर मिळालेल्या रांगेचं काय!

तक्रार करावी का? करावी. फक्त नीट करावी.

गेटवर वाद घालू नका. सुरक्षेचं कारण देऊन प्रवाशाला न घेण्याचा अधिकार विमान कंपनीला कायद्याने आहे, आणि चढलेला आवाज ‘सुरक्षेचं कारण’ व्हायला वेळ लागत नाही. पुन्हा असं झालं तर शांतपणे एकच वाक्य म्हणा : ‘पास स्कॅन करा, यंत्र सांगेल.’ पुढे जाऊन बसा आणि विसरायच्या आत फोनमध्ये लिहून ठेवा. तारीख, फ्लाइट नंबर, गेट, वेळ, कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावरचं नाव दिसलं तर ते, नेमके शब्द, पुढच्या किती जणांना विचारलं नाही. मोबाइलवरच्या पासचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. प्रवास झाल्यावर तो ॲपमधून नाहीसा होतो आणि मग ‘ग्रुप २’ होता हे दाखवायला हातात काही उरत नाही. बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

मग कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तक्रार-अर्जात लिहा. समाजमाध्यमावर टाकलेल्या तक्रारीला उत्तर देण्याचं बंधन कंपनीवर नाही, लेखी तक्रारीला आहे : ३० दिवसांत पोच आणि ६० दिवसांत मुद्द्याला धरून उत्तर. ‘वर्णद्वेषी वागणूक’ एवढंच लिहिलंत तर छापील दिलगिरी येईल. त्याऐवजी विचारा, ‘त्या गेटवर स्कॅनच्या आधी ग्रुप विचारण्याची पद्धत आहे का? असल्यास आमच्या पुढच्या चार-पाच प्रवाशांना का विचारलं नाही?’ आणि उत्तर लेखी मागा. बऱ्याचदा कंपनी दोन-चार हजार मैल, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरता येणारे पॉइंट, खात्यात टाकून विषय मिटवते. मैल घ्यायला हरकत नाही, पण प्रश्नाचं उत्तर त्यात आलेलं नसतं. तसं परत कळवा.

सोबत अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याकडेही ऑनलाइन तक्रार नोंदवा. वंश, वर्ण, मूळ देश, धर्म, लिंग किंवा कुळ यावरून विमान कंपनीने भेदभाव करू नये, असं केंद्रीय कायदाच सांगतो. खातं तुम्हाला नुकसानभरपाई मिळवून देणार नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवतं, नोंद ठेवतं आणि एकाच प्रकारच्या तक्रारी साठल्या की चौकशी लावू शकतं. तुमच्या एका प्रसंगावरून काही सिद्ध होणार नाही. पण नोंदच नसेल तर पुढच्या बाईचा प्रसंगही एकटाच राहील.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मैल-कार्यक्रमाच्या अटींत कंपनीच्या बाजूने फार मोठी ताकद लिहिलेली असते. मिनेसोटातले ज्यू धर्मगुरू (रब्बाय) गिन्सबर्ग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वरच्या पायरीचे सदस्य होते. २००८मध्ये कंपनीने त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. कारण दिलं, की सात-आठ महिन्यांत तुम्ही २४ तक्रारी केल्यात, त्यातल्या ९ सामान पट्ट्यावर उशिरा आल्याच्या. ते कोर्टात गेले. एप्रिल २०१४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की राज्याच्या कायद्यातल्या ‘सद्भावनेने वागण्याच्या’ तत्त्वावर उभा असलेला हा दावा १९७८च्या केंद्रीय विमान-नियंत्रणमुक्ती कायद्यापुढे टिकत नाही. वंशभेदाची तक्रार केंद्रीय कायद्याखाली येते, तिची गोष्ट वेगळी. तेव्हा ती तक्रार थंड चहा आणि उशिरा आलेल्या बॅगेसोबत एका पाकिटात घालू नका. एक प्रसंग, एक पत्र, भरपाईची मागणी नको.

आता नणंदबाई. त्या अर्ध्या बरोबर आहेत. पॉइंट तुम्हाला फुकट पडले, पण पैसे कोणीतरी भरलेलेच आहेत.

विमान कंपनी मैल छापते आणि बँकेला विकते, बँक ते कार्ड वापरणाऱ्यांना पॉइंट म्हणून देते. डेल्टा या विमान कंपनीला २०२४मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड देणाऱ्या कंपनीकडून सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. बँकेकडे हा पैसा येतो दुकानांकडून. क्रेडिट कार्डच्या व्यवहारावर दुकानदार साधारण दोन टक्के देतो. तो सहसा कार्डवाल्याला वेगळा भाव लावत नाही, सगळ्यांच्याच भावात ते दोन टक्के मुरवतो. तुम्ही आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई एकाच दुकानातून तीच तांदळाची पिशवी त्याच किमतीला घेता. तुम्हाला दीड-दोन टक्के पॉइंटांच्या रूपात परत येतात, त्यांना काहीच नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) अभ्यासकांनी २०१०मध्ये हा हिशेब मांडला होता : रोखीने खर्च करणाऱ्या घराकडून वर्षाला सरासरी १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या घराकडे १,१३३ डॉलर येतात. २०२३च्या दुसऱ्या एका अभ्यासात असं सगळं मिळून वर्षाला १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्या, गरीब आणि अल्पसंख्याकांच्या वस्त्यांकडून उलट्या दिशेला वाहतात, असा अंदाज आला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती नणंदबाईंना जरूर सांगा : पगार कितीही असो, जो महिनाअखेर पूर्ण बिल भरत नाही तो बुडतो. ३,००० डॉलरची थकबाकी २१ टक्क्यांनी ठेवली तर एका महिन्याचं व्याज साडेबावन्न डॉलर. तेवढ्याच खर्चावर दीड टक्क्याने पॉइंट मिळतात ४५ डॉलरचे. पहिल्याच महिन्यात पॉइंट संपले, वर साडेसात डॉलर खिशातून.

मिस्टरांच्या प्रवासाचं तर आणखी सोपं आहे. तिकीट कंपनी काढते, मैल माणसाच्या खात्यात पडतात, आणि २००२मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने जाहीर केलं की कामाच्या प्रवासाचे मैल स्वतःसाठी वापरले म्हणून आम्ही करासाठी मागे लागणार नाही. तेवढीच रक्कम बोनस म्हणून मिळाली असती तर कर कापला गेला असता. विमानतळावर फरशी पुसणाऱ्याच्या नोकरीत असा बिनकराचा मेवा नसतो.

बाकी परक्या देशात येऊन वर्षातून एकदा घरी जाणाऱ्यांना या कार्यक्रमांनी २०१५नंतर चांगलंच कापलंय. आधी जितकं अंतर तितके मैल होते. न्यूअर्क ते मुंबई सुमारे ७,८०० मैल, म्हणजे जाऊन-येऊन साडेपंधरा हजार. त्या वर्षी डेल्टा आणि युनायटेडने अंतराऐवजी भाड्यावर मैल द्यायला सुरुवात केली, साध्या सदस्याला डॉलरमागे ५. कर वगळून ८०० डॉलरचं तिकीट असेल तर हातात ४,००० मैल. तेवढाच वेळ अंग आखडून बसा, मैल मात्र पावपट. ज्याची कंपनी ऐन वेळी महागडं तिकीट काढते त्याला भरभरून मिळतात, जो सहा महिने आधी स्वस्त तिकीट शोधतो त्याला चिमूटभर. ‘निष्ठा’ हा शब्द या धंद्यात फार सैल वापरला जातो.

नणंदबाईंना साताऱ्यात बसून हे दूरचं वाटत असेल, तर आपल्या रेल्वेचं बघायला सांगा. आयआरसीटीसीच्या नावाचं जे क्रेडिट कार्ड स्टेट बँकेची कार्ड कंपनी देते, त्यावर तिकिटाच्या १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात ते एसी वर्ग आणि चेअर कारसाठी. स्लीपर त्या यादीत नाही. उलट सगळ्या वर्गांत मिळणारी ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, मार्च २०२०मध्ये थांबली. भारतात एक गोष्ट मात्र अमेरिकेपेक्षा बरी झाली : जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. मंडईत क्यूआरवर दिलेल्या पैशांतून कोणाची लाउंजची कॉफी निघत नाही.

तर मग पॉइंट सोडून द्यायचे का? तुम्ही सोडलेत म्हणून दुकानदार भाव उतरवणार नाही. छोट्या दुकानात मात्र फरक पडतो. तिथे टक्केवारीवर दर व्यवहारामागे १० ते ३० सेंट वेगळे कापले जातात. चार डॉलरच्या खरेदीत ते बोचतात. अशा ठिकाणी रोख द्या. आणि कामाला येणाऱ्या बाईंना रोखीत हवे असतील तर रोखीतच द्या, पॉइंटांसाठी कार्डवाल्या ॲपचा आग्रह धरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. सदस्यत्व मिस्टरांचं, मग कार्ड आणि मैलही त्यांच्याच नावावर असणार. तुम्ही त्या रांगेत पाहुण्या आहात. ते सोबत नसतील त्या दिवशी तुमच्या पासवर ‘२’ छापलं जाणार नाही.

मैल-खातं उघडायला सोशल सिक्युरिटी नंबर (काम करायचा परवाना असलेल्यांना मिळणारा सरकारी क्रमांक) लागत नाही. तुमचं, मुलांचं, सासूबाईंचं, प्रत्येकाचं वेगळं खातं आजच उघडा, फुकट असतं. खातं नसताना केलेल्या भारतवाऱ्यांचे मैल गेले, पण मागच्या प्रवासाचे साधारण ६ ते १२ महिन्यांपर्यंत मागता येतात. काही कंपन्या खातं उघडण्याआधीचा प्रवास धरत नाहीत, तेवढं तपासा. त्यासाठी तिकिटाचा १३ आकडी नंबर हवा. पहिले तीन आकडे कंपनीचे : ०१६ युनायटेड, ००१ अमेरिकन, ००६ डेल्टा, ०९८ एअर इंडिया.

आपल्या नावांचा एक खास घोळ इथे होतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात ‘सुनंदा रमेश’ असतं, आडनावाच्या ‘जाधव’. तिकिटावर ते ‘जाधव/सुनंदारमेश’ असं चिकटून छापलं जातं. मैल-खात्यात मात्र आपण ‘सुनंदा जाधव’ लिहिलेलं. यंत्राला ही दोन माणसं वाटतात आणि मैल जमा होत नाहीत. म्हणून खातं उघडताना नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे त्याच रकान्यात, तसंच टाका. आधीचं खातं असेल तर पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्त करून घ्या.

युनायटेडमध्ये मार्च २०२४पासून पाच जणांपर्यंत मैल एकत्र करता येतात, तेही फुकट. पण एकत्र केलेले मैल फक्त त्यांच्याच विमानांना चालतात, तेव्हा सगळे त्यात ओतू नका.

कार्डाचं थोडं किचकट आहे. मिस्टरांच्या कार्डावर जोड-कार्डधारक म्हणून तुमचं नाव घालता येतं, पण पॉइंट मूळ खातेदाराचेच राहतात. दोघं मिळून कर-विवरण भरत असाल तर तुमच्याकडे आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा कर-क्रमांक, बहुतेक असेलच. काही बँका त्यावर कार्ड देतात. नाही दिलं तर २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवून मिळणारं कार्ड घ्या, महिन्याला एखादं बिल त्यावर टाका आणि पूर्ण भरा. पुढे मिस्टरांचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला आणि तुम्हाला काम करायचा परवाना मिळाला, की सोशल सिक्युरिटी नंबर येईल. तेव्हा तिन्ही पत-नोंदणी कंपन्यांना लिहून जुनी नोंद नव्या नंबरला जोडून घ्या. हे विसरलं तर दोन-तीन वर्षांची पत हवेत जाते.

आता सासूबाई पुढच्या वेळी एकट्या येतील तेव्हासाठी. त्यांचं तिकीट वेगळं, स्वस्तातलं आणि सदस्यत्व नसलेलं असेल, तर जास्त तिकिटं विकलेल्या विमानात कोणाला तरी चढू न द्यायची वेळ आल्यावर त्यांचा नंबर वर असतो. भाडं आणि सदस्यत्व पाहून क्रम लावायला सरकारी नियमच परवानगी देतो. त्यामुळे त्यांची सीट आधीच निवडून ठेवा आणि चेक-इन सुरू झाल्या झाल्या करून टाका. अमेरिकेतून निघणाऱ्या अशा विमानात इच्छेविरुद्ध चढू दिलं नाही, तर उशिराप्रमाणे भाड्याच्या दुप्पट किंवा चौपट भरपाई असते, जानेवारी २०२५पासूनच्या मर्यादा १,०७५ आणि २,१५० डॉलर. मैलांवर काढलेल्या तिकिटालाही ती लागू आहे. त्याच वर्गाचं सगळ्यात स्वस्त रोखीचं भाडं धरतात. कूपन पुढे करतील, चेक मागा. ‘कोणी स्वखुशीने थांबतंय का?’ या घोषणेला मात्र त्यांनी मान हलवायची नाही. एकदा हो म्हटलं की हा हक्क गेला, मग कंपनी देईल ते घ्यायचं. भाषेच्या अडचणीमुळे आपल्या आया-सासवा नेमक्या इथे हसून मान हलवतात. हे त्यांना मराठीत नीट समजावून पाठवा.

आणि त्यांच्यासाठी व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा. ती सेवा कायद्याने मोफत आहे, सदस्यत्वाशी तिचा संबंध नाही. त्यात अडवणूक झाली तर तक्रार-निवारण अधिकारी बोलवा असं सांगा; अपंगत्वाच्या प्रश्नासाठी तो उपलब्ध ठेवणं प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे. खुर्ची ढकलणारा माणूस बहुधा कंत्राटदाराकडे कमी पगारावर असतो आणि मैल त्याला देता येत नाहीत. सासूबाईंच्या पर्समध्ये, पासपोर्टच्या कप्प्यात नको, वेगळ्या कप्प्यात, त्याच्या बक्षिशीसाठी पाच-पाच डॉलरच्या चार नोटा ठेवून द्या.